आभासी वास्तव आणि संगणकनिर्मित इतर माध्यमे : एक भेदविचार

संगणकाच्या साहाय्याने निर्माण होणाऱ्या दृश्यांना आज सरसकट ‘आभासी’ हे विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. पडद्यावरून चालणारा वर्ग आभासी, दुरून भरविलेली सभा आभासी, चित्रपटात संगणकाने रंगविलेला महासागर आभासी, आणि डोक्यावर यंत्र चढवून ज्यात प्रवेश करावयाचा ते जगही आभासीच. एकच शब्द इतक्या भिन्न वस्तूंना लागू लागला म्हणजे त्यांच्यातील भेद दृष्टीआड होतात. आणि भेद दृष्टीआड झाले की एका वस्तूविषयी सिद्ध झालेली गोष्ट दुसरीविषयी गृहीत धरली जाते. शिक्षण, मानसोपचार, शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण इत्यादी क्षेत्रांतील प्रयोगांचे निष्कर्ष पुष्कळदा अशाच रीतीने भलत्याच साधनांना जोडले जातात. यास्तव आभासी वास्तव हे माध्यम संगणकनिर्मित इतर माध्यमांहून नेमके कशामुळे वेगळे ठरते, हा प्रश्न केवळ परिभाषेपुरता उरत नाही. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संज्ञेचा विचार

‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’ ही संज्ञा १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनिअर या अमेरिकन संशोधकाने रूढ केली. तत्पूर्वी मायरन क्रूगर याने अशाच प्रकारच्या रचनांसाठी ‘कृत्रिम वास्तव’ ही संज्ञा योजिली होती, आणि त्याही पूर्वी, १९३८ मध्ये, फ्रेंच नाट्यविचारक आंतोनँ आर्तो याने रंगभूमीच्या संदर्भात हाच शब्दप्रयोग केला होता. ‘व्हर्च्युअल’ या शब्दाचे मूळ गुण अथवा सामर्थ्य या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. नावाने किंवा रूपाने नसले तरी परिणामाने जे असते, ते व्हर्च्युअल. मराठीत ज्या अर्थी आपण ‘फलतः’ असे म्हणतो, त्याच्या जवळचा हा अर्थ आहे.

मराठीत रूढ झालेला ‘आभासी’ हा शब्द मात्र प्रकाशशास्त्राच्या परिभाषेशी जुळणारा आहे. सपाट आरशात दिसणाऱ्या प्रतिमेस आपली पाठ्यपुस्तके आभासी प्रतिमा म्हणतात. कारण जेथे ती दिसते तेथून प्रकाशकिरण वस्तुतः निघालेले नसतात. ‘आभास’ या शब्दास मिथ्यात्वाची छटा आहे आणि ती मूळ संज्ञेत नाही, असा आक्षेप घेता येईल. आणि तो काही अंशी योग्यही आहे. तथापि आरशाचे हे उदाहरण एका निराळ्या कारणाने अत्यंत उपकारक ठरते. भिंतीवर शेजारी शेजारी एक आरसा आणि एक तसबीर टांगलेली आहे अशी कल्पना करावी. पाहणारा दोन पावले डावीकडे सरला तर तसबिरीतील दृश्य तसेच राहते. आरशातील दृश्य बदलते. मघाशी कडेला झाकलेली खुर्ची आता दिसू लागते, दिसत असलेले दार नाहीसे होते. तसबीर कितीही हुबेहूब असली तरी तिच्यात हा गुण येत नाही, आणि आरसा कितीही धुरकट असला तरी त्याचा हा गुण जात नाही. आभासी वास्तव हे आरशाच्या जातीचे आहे. संगणकनिर्मित बहुतेक इतर दृश्ये तसबिरीच्या जातीची आहेत. पुढील सर्व विवेचन या एका भेदाचा विस्तार होय.

२. पूर्वपीठिका

प्रेक्षकास दृश्याने चोहोबाजूंनी वेढून टाकावे ही आकांक्षा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये वर्तुळाकार चित्रपटाचे, म्हणजे ‘पॅनोरमा’चे, एकस्व मिळविले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास इमारत उभी राहिली. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये, दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखविली असता खोलीचा प्रत्यय येतो, हे आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवून दिले. मॉर्टन हायलिग या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६२ मध्ये ‘सेन्सोरामा’ नामक यंत्राचे एकस्व घेतले. त्यात त्रिमिती चलचित्राबरोबर हलणारे आसन, वारा आणि गंध यांचीही योजना होती; आसनावर बसून ब्रुकलिनच्या रस्त्यांवरून मोटारसायकलची सफर अनुभवता येत असे.

या परंपरेचा पुढचा टप्पा म्हणून आयव्हन सदरलंड याच्या १९६८ मधील शिरस्त्राणाचा उल्लेख करण्याची पद्धत आहे. वस्तुतः तेथे परंपरा पुढे जात नाही, तर वळण घेते. हायलिगचे यंत्र इंद्रियांना देऊ करीत असलेल्या सामग्रीच्या दृष्टीने समृद्ध होते. सदरलंडच्या यंत्रातील दृश्य अतिशय दरिद्री होते. प्रकाशाच्या काही रेषांनी आखलेला घन किंवा खोलीचा सांगाडा, एवढेच त्यात दिसे. परंतु छताला टांगलेल्या एका यांत्रिक दांड्याच्या योगे पाहणाऱ्याच्या डोक्याची जागा आणि दिशा मोजली जात असे, आणि त्या मापनानुसार संगणक त्या रेषा पुन्हा पुन्हा नव्याने आखीत असे. पाहणारा बाजूला सरला की घनाची दुसरी बाजू त्याला दिसे. सेन्सोरामातील प्रवाशाने मान वळविली तर ब्रुकलिनचा रस्ता वळत नसे. दोन डोळ्यांना भिन्न चित्रे देण्याचे महत्त्व आहेच, परंतु डोके हलले असता चित्रात होणारा बदल त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे सदरलंडने आपल्या त्या वर्षीच्या निबंधात स्पष्टपणे नमूद केले होते. त्याचे यंत्र अर्धपारदर्शक आरशांमधून खरी खोलीही दाखवीत असल्याने आजच्या वर्गीकरणात ते ‘संवर्धित वास्तवा’च्या अधिक जवळचे ठरेल, पण तत्त्वाची मांडणी तेथे पूर्ण झाली होती.

३. दृष्टिस्थान कोणाच्या स्वाधीन

संगणकनिर्मित माध्यमांची तुलना करताना चित्राचा हुबेहूबपणा हा निकष प्रथम मनात येतो. परंतु या निकषाने काहीच निष्पन्न होत नाही. १९९५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकाने रचलेला पहिला दीर्घ चित्रपट. त्यातील दृश्ये सदरलंडच्या रेषांहून अनंतपटींनी समृद्ध आहेत. तरीही तो चित्रपटच होय. कोठून पाहावयाचे, किती वेळ पाहावयाचे आणि काय पाहावयाचे नाही, या तिन्ही गोष्टी दिग्दर्शकाने आधीच ठरवून टाकलेल्या असतात. त्रिमिती चित्रपटानेही या स्थितीत फरक पडत नाही. तेथे खोलीचा प्रत्यय येतो, परंतु प्रेक्षक आसनावरून वाकला म्हणून पुढील पात्राच्या आड उभे असलेले पात्र त्याला दिसू लागत नाही.

संगणकीय खेळांची गोष्ट निराळी आहे. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’पासूनच या माध्यमात दृश्य हे खेळणाऱ्याच्या कृतीस प्रतिसाद देते. पुढे तर खेळणाऱ्याच्या इच्छेनुसार दृष्टिस्थान बदलण्याचीही सोय झाली. मग खेळ आणि आभासी वास्तव यांत भेद कोणता? भेद प्रतिसादाच्या वाटेत आहे. खेळणारा कळ दाबतो आणि पडद्यावरील जग वळते. त्याचे स्वतःचे डोके मात्र चौकटीसमोर स्थिर असते. कळ आणि वळणे यांतील संबंध सांकेतिक आहे, शिकून घ्यावा लागणारा आहे, भाषेतील शब्द आणि अर्थ यांच्या संबंधासारखा आहे. आभासी वास्तवात मान वळविणे हीच आज्ञा असते, आणि ती आज्ञा आहे याची जाणीवही पाहणाऱ्यास नसते.

याप्रमाणे तीन पायऱ्या मानता येतील. पहिल्या पायरीवर दृश्य पाहणाऱ्याची दखल घेत नाही. चित्रपट येथे येतो. दुसऱ्या पायरीवर दृश्य पाहणाऱ्याच्या सांकेतिक आज्ञेस उत्तर देते; खेळ आणि संगणकावरील बहुतेक प्रतिकृती येथे येतात. तिसऱ्या पायरीवर दृश्य पाहणाऱ्याच्या शरीराच्या हालचालीसच उत्तर देते. तिसरी पायरी ही दुसरीची केवळ वाढविलेली आवृत्ती नव्हे, हे मानण्यास प्रायोगिक मानसशास्त्रात आधार सापडतो. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अंधारात वाढविलेल्या पिलांच्या जोड्यांपैकी एक पिलू स्वतः चालत वर्तुळाकार फिरे आणि दुसरे त्याच चक्राला जोडलेल्या पाळण्यात बसून तितकेच फिरविले जाई. दोघांच्या डोळ्यांपुढून जवळजवळ सारखीच दृश्ये सरकत. तरीही स्वतः चाललेल्या पिलांना अंतराचे आणि खोलीचे भान आले. पाळण्यातील पिलांना ते तेव्हा आले नाही. हा प्रयोग दृष्टीच्या विकासाविषयीचा आहे, प्रौढ प्रेक्षकाविषयीचा नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु स्वतःच्या हालचालीतून उद्भवलेला दृश्यबदल आणि बाहेरून दाखविलेला दृश्यबदल या मज्जासंस्थेच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एवढे त्यावरून खचितच दिसते. चित्रपटाचा प्रेक्षक पाळण्यात बसलेला असतो.

४. काळाचे बंधन

दृष्टिस्थान पाहणाऱ्याच्या स्वाधीन केल्याबरोबर काळाविषयीचे एक कठोर बंधन निर्माण होते, आणि या बंधनातूनच या माध्यमाचे अनेक विशेष समजून घेता येतात. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखविली जातात. परंतु ती केव्हाच तयार करून ठेवलेली असतात. संगणकनिर्मित चित्रपटातील एकेका चित्राच्या रचनेस कित्येक तास लागले तरी प्रेक्षकास त्याचा पत्ता नसतो. आभासी वास्तवात पाहणारा पुढच्या क्षणी कोठे पाहील हे आधी ठाऊक नसल्याने प्रत्येक चित्र त्या क्षणीच घडवावे लागते. २०१६ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या यंत्रांत सेकंदाला ९० चित्रे दाखविण्याची योजना होती. म्हणजे दोन्ही डोळ्यांसाठीचे संपूर्ण दृश्य रचावयास संगणकाच्या हाती सुमारे ११ सहस्रांश सेकंद उरतात.

डोके हलल्यापासून दृश्य बदलेपर्यंतचा विलंब सुमारे २० सहस्रांश सेकंदांपेक्षा अधिक नसावा, असे या क्षेत्रात सामान्यतः मानले जाते. त्याचे कारण शरीररचनेत आहे. अंतर्कर्णातील तोलेंद्रिय डोक्याची हालचाल ओळखते आणि अत्यल्प काळात डोळे विरुद्ध दिशेस फिरवून दृष्टी स्थिर ठेवते. दृश्य मागे रेंगाळले तर कान एक सांगतो आणि डोळा दुसरेच. जग तरंगल्यासारखे वाटते आणि मळमळू लागते. चित्रपटातील तांत्रिक चूक समीक्षकाच्या नजरेस येते. येथील चूक प्रेक्षकाच्या पोटास कळते. आणखी एक विसंगती अद्यापही सर्वसाधारण यंत्रांत टिकून आहे. वस्तू जवळ आली असे भासले की दोन्ही डोळे तिच्याकडे आत वळतात, परंतु भिंगांमुळे प्रकाश एका ठरावीक अंतरावरूनच आल्यासारखा असतो आणि डोळ्यातील भिंगाला त्याच अंतरावर जुळवून राहावे लागते. निसर्गात एकत्र चालणाऱ्या या दोन क्रिया येथे विलग होतात आणि डोळ्यांस शीण येतो.

यावरून एक सामान्य समजूत उलटी असल्याचे दिसून येईल. आभासी वास्तव म्हणजे सर्वांत हुबेहूब असे संगणकचित्र, अशी ती समजूत आहे. प्रत्यक्षात काळाच्या बंधनामुळे त्या त्या काळातील आभासी वास्तवाचे चित्र त्याच काळातील चित्रपटाच्या चित्राहून बहुधा उणेच असते. तपशिलाचा त्याग करून हे माध्यम तत्परता विकत घेते.

५. ज्ञान आणि प्रत्यय

या तत्परतेच्या मोबदल्यात जे मिळते त्यास ‘उपस्थिती’ असे म्हणतात. जोनाथन स्टॉयर याने १९९२ मध्ये आभासी वास्तवाची व्याख्या यंत्रसामग्रीच्या आधारे न करता या प्रत्ययाच्या आधारे करावी असे सुचविले. मेल स्लेटर याने यातही एक उपयुक्त विवेक केला. ‘निमज्जन’ हा यंत्राचा गुण आहे : ते किती दिशांनी वेढते, किती तत्परतेने उत्तर देते, हे मोजता येते. ‘उपस्थिती’ ही पाहणाऱ्याची अवस्था आहे. कादंबरी वाचताना मनुष्य रंगून जातो, परंतु कादंबरीतील दरीच्या काठावरून तो पाऊल मागे घेत नाही. तल्लीनता आणि उपस्थिती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

उत्तर कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका आभासी खड्ड्याच्या काठावर उभे राहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके स्पष्टपणे वाढत. सेकंदाला १५ ऐवजी ३० चित्रे दाखविली असता ही प्रतिक्रिया वाढली. पायाखाली इंच-दीड इंच उंचीची खरी लाकडी फळी ठेवली असता तीही वाढली. आपण प्रयोगशाळेत सपाट जमिनीवर उभे आहोत, हे त्या सर्वांना पक्के ठाऊक होते.

भारतीय विचारपरंपरेतील दोन दृष्टान्त येथे सहजच आठवतात. दोरीच्या जागी साप दिसणे हा भ्रम दोरीचे ज्ञान होताच निवृत्त होतो. येथे तसे होत नाही. खड्डा नाही हे ज्ञान प्रथमपासून असूनही शरीर मागे सरते. म्हणून यास रज्जुसर्पाच्या कोटीतील भ्रम म्हणता येणार नाही. उलटपक्षी, नटास राम म्हणून पाहणाऱ्या प्रेक्षकाची प्रतीती ही सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून विलक्षण असते, असे शंकुकाने चित्रतुरगन्यायाने सांगितले. चित्रपट, नाटक, खेळ यांना हा न्याय पुष्कळसा लागू पडतो. परंतु चित्रातील घोडा पाहून कोणी वाट सोडीत नाही. आभासी वास्तवातील घोडा अंगावर आला तर मनुष्य वाट सोडतो, आणि सोडून झाल्यावर स्वतःस हसतो. बुद्धीचा निर्णय आणि शरीराचा निर्णय येथे एकाच क्षणी परस्परांपासून फारकत घेतात. कल्पित वस्तूविषयी बुद्धीने संमती दिलेली नसताना शरीराकडून ती मिळविणे, हा या माध्यमाचा व्यवच्छेदक परिणाम होय.

६. सीमेवरील प्रकार

कोणत्याही व्याख्येची परीक्षा सीमेवरील उदाहरणांत होते. चोहोबाजूंनी चित्रित केलेले चलचित्र शिरोयंत्रात पाहिले असता मान वळवून हव्या त्या दिशेस पाहता येते. परंतु एक पाऊल पुढे टाकले तर दृश्य पुढे येत नाही, कारण कॅमेऱ्याची जागा चित्रणाच्या वेळीच ठरून गेलेली असते. २०१४ मध्ये गूगलने आणलेल्या पुठ्ठ्याच्या साध्या साधनातही भ्रमणध्वनीस केवळ डोक्याचे वळणे कळत असे, सरकणे कळत नसे. अशा प्रकारांना अर्धे आरसे म्हणणे योग्य होईल. याउलट, १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नेरा, डॅनिअल सँडिन आणि टॉमस डीफांटी यांनी सादर केलेल्या ‘केव्ह’ या खोलीवजा रचनेत डोक्यावर शिरोयंत्र नसे. भिंतींवर प्रक्षेपित केलेली दृश्ये हलक्या चष्म्यातून पाहावयाची असत. तरीही चष्म्याची जागा सतत मोजून दृश्य बदलले जात असल्याने ती निःसंशय आभासी वास्तवाची रचना होय. तात्पर्य, शिरोयंत्र हे या माध्यमाचे लक्षण नव्हे.

संवर्धित वास्तवात शरीर आणि दृश्य यांचा हाच संबंध असतो, परंतु संगणकाने रचलेली वस्तू खऱ्या जगाच्या पार्श्वभूमीवर दाखविली जाते. पॉल मिलग्रम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये एका टोकास वास्तव आणि दुसऱ्या टोकास आभासी परिसर ठेवून मधल्या सर्व प्रकारांचा एक सलग पट्टा कल्पिला, तो या संदर्भात आजही उपयोगी पडतो. पडद्यावरील वर्ग अथवा सभा मात्र या पट्ट्यावर कोठेच येत नाहीत. ती दूरसंभाषणाची रूपे होत.

७. भेदाचे फलित

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. २००२ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी आभासी वास्तवाच्या साहाय्याने प्रशिक्षण घेतलेल्या निवासी शल्यचिकित्सकांची इतरांशी तुलना केली. एकंदर १६ जणांच्या या प्रयोगात प्रशिक्षितांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय विलग करण्याचे काम २९ टक्के कमी वेळात आणि पुष्कळच कमी चुका करून पार पाडले. आभासी वास्तवाच्या शैक्षणिक उपयोगाचा पुरावा म्हणून या प्रयोगाचा वारंवार निर्देश होतो. परंतु त्यात वापरलेल्या साधनात शिरोयंत्र नव्हते. साधा सपाट पडदा आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांसारख्या मुठी, एवढीच त्याची रचना होती. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मुळातच सपाट पडद्याकडे पाहून केली जाते; तेथे शिकावयाचा असतो तो हात आणि दृश्य यांचा मेळ, आणि नेमका तोच मेळ त्या साधनाने घडविला. या निष्कर्षाच्या बळावर एखाद्या महाविद्यालयाने इतिहासाच्या किंवा शरीररचनाशास्त्राच्या वर्गासाठी शिरोयंत्रे खरेदी करणे म्हणजे एका औषधाचा गुण दुसऱ्या औषधाच्या बाटलीवर लिहिण्यासारखे आहे. याउलट बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंचीच्या भयावर केलेल्या उपचारात शरीराने उंची खरी मानणे हाच उपचाराचा आधार होता. तेथे सपाट पडद्याने काम भागले असते असे मानण्यास जागा नाही. प्रत्येक प्रयोगाविषयी प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, पाहणाऱ्याची कोणती हालचाल मोजली जात होती आणि दृश्याचा कोणता भाग तिला उत्तर देत होता.

दुसरे फलित माध्यमाच्या मर्यादेविषयी आहे. दृष्टिस्थान पाहणाऱ्यास दिल्याबरोबर रचनाकाराची निवड करण्याची शक्ती क्षीण होते. नकाशा, आलेख, छेदचित्र किंवा शंभर वर्षांचा काळ दहा मिनिटांत दाखविणारा चित्रपट ही साधने मनुष्यास त्याच्या शरीराच्या जागेपासून सोडवून ज्ञान देतात. आभासी वास्तव त्याला पुन्हा एका जागी, एका उंचीवर, एका क्षणात उभे करते. जे ज्ञान उभे राहून आणि फिरून मिळते, त्यास हे माध्यम अनुकूल आहे. जे अमूर्तीकरणाने मिळते त्यास जुनी माध्यमेच अधिक समर्थ आहेत.

तिसरे फलित अधिक गंभीर आहे. चित्रपट प्रेक्षकाकडे न पाहता दाखविता येतो. पुस्तक वाचकास न ओळखता वाचता येते. आभासी वास्तव मात्र पाहणाऱ्याचे डोके, हात, उंची, चाल यांचे अखंड मापन केल्यावाचून क्षणभरही चालू शकत नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ५११ व्यक्तींच्या हालचालींच्या पाच मिनिटांहूनही कमी काळाच्या नोंदींवरून संगणकाने ९५ टक्के वेळा व्यक्ती अचूक ओळखली. आणि त्या व्यक्ती केवळ चोहोबाजूंचे चलचित्र पाहत होत्या. नाव, चेहरा अथवा स्वाक्षरी यांपैकी काहीही यंत्रास दिलेले नव्हते. इतर माध्यमांत पाळत ही बाहेरून जोडलेली गोष्ट असते आणि ती काढून टाकली तरी माध्यम शिल्लक राहते. येथे ज्या मापनामुळे दृश्य जिवंत होते तेच मापन पाहणाऱ्याची ओळख पटविते; म्हणून त्या नोंदी कोणाकडे जातात, किती काळ राहतात आणि कोणत्या कामी वापरल्या जातात, यांचे नियमन हाच येथे एकमेव उपाय उरतो. विद्यापीठांतून आणि रुग्णालयांतून या साधनांचा प्रसार होत असताना, चित्रपट दाखविण्यास पुरेसे असलेले जुने नियम येथे अपुरे पडतात, याचे कारण माध्यमाच्या या स्वरूपभेदातच सापडते.